गिरणीच्या चेंबरात नॉन-रिटर्न व्हॉल्व : घ्यावा का?

आमची पिठाची गिरणी सांगलीत, सखल भागात, तळमजल्यावर. मोठा पाऊस झाला की मागच्या मोरीतून पाणी वर यायचं, तेही अख्ख्या गल्लीचं. शेजारीच गव्हाची पोती. म्हणून ११० मिमीचा पीव्हीसी व्हॉल्व बसवला.

आत एक झडप लोंबते. घरातलं पाणी जाताना उघडते, रस्त्याकडून उलटं आलं की त्याच दाबाने मिटते. पहिल्याच जोरदार पावसात रस्त्यावरचं चेंबर उसळत होतं आणि माझी मोरी कोरडी! खर्च म्हणाल तर व्हॉल्वपेक्षा फरशी फोडायलाच जास्त गेला.

आता दुकानदार सांगत नाहीत ते. झडप मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही. सासूबाईंनी नेमके तेव्हाच कपडे धुवायला काढले आणि मोरी आतूनच भरली. गिरणीवाल्यांनी आणखी एक बघावं : पिठाळ पाण्याचा लगदा रबराला चिकटतो, मग झडप नीट टेकत नाही. मी झाकण काढून जुन्या ब्रशने घासते. त्यामुळे वर झाकण असलेलाच घ्या, आणि चेंबरातच बसवा. फरशीखाली गाडलात तर संपलं.

कृष्णेच्या पुरात मात्र याच्या जिवावर राहू नका. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. नदी चढली की नाल्यांची तोंडं बुडतात आणि पाणी गटारींतून मागे सरकतं. तेवढं हा थोपवतो. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली, त्या पाण्याला मोरीची गरजच नव्हती. ते सरळ दारातून आलं.

मुळात आमच्या गल्लीखालून ओढा वाहायचा. सासरे सांगतात, त्यात म्हशी डुंबायच्या. आधी पाइप, मग स्लॅब, वर रस्ता, आणि संडासांच्या लाइनी त्यातच जोडलेल्या. पावसाचं पाणी आपल्या जुन्याच वाटेनं येतं, पाइपात मावत नाही, मग सगळ्यात खालची मोरी गाठतं. पुतणी इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला आहे. ती म्हणाली, "काकू, लंडनची फ्लीट नदीपण अशीच झाकत झाकत ड्रेनेजमध्ये गेली. पॅरिसमधली बिएव्र १९१२ पर्यंत पूर्ण झाकली, आणि तिच्या काठी चामडं कमावणारे होते, गिरण्यासुद्धा होत्या." म्हटलं, बाई, त्या गिरणीवाल्यांनी पुढं काय केलं तेवढं विचारून ये.

माझी मोरी बंद झाल्यावर पाणी शेजारच्या टेलरमामांकडे निघालं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग माझाच प्लंबर बोलावला. त्यांच्या पलीकडे रद्दीचं दुकान आहे, त्यांना मी आधीच सांगून ठेवलंय.

पाचपैकी चार. रबर सुटं मिळतं, घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.