बेळगावात व्हीईपी तपासणी: डोक्याला तेल लावून जाऊ नका

मी खानापूरचा शिंपी. तीन महिन्यांपूर्वी डावा डोळा हलवला की आत ठणकायचं, आणि लाल दोऱ्याचं रीळ त्या डोळ्यानं विटकरी दिसायचं. उजव्यानं लालभडक. डोळ्याची नस सुजली होती. सूज उतरली, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचली, तरी डॉक्टरांनी व्हीईपीला, म्हणजे डोळ्यानं बघितलेलं मेंदूपर्यंत किती वेळात पोचतं ते मोजणाऱ्या तपासणीला, बेळगावला धाडलं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून मंडळींचं शून्य तिकीट, माझं पूर्ण.

पोचलो तर पहिलंच वाक्य, "तेल लावलंय की हो!" डोक्याच्या मागं, जिथं मेंदू बघण्याचं काम करतो, तिथं इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूचे इशारे टिपणारी तार, चिकटवतात, तेलावर तो नीट बसत नाही. फोनवर वेळ देताना एवढं सांगायला काय झालं होतं? नळाखाली डोकं धुतलं, तोवर नंबर गेला, तासभर बसलो. तपासणीला चष्मा लागतो, तो तेवढा नेला होता म्हणून निभावलं.

तपासणी मात्र उत्तम. मंद उजेडाची खोली, पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्या, मधे लाल ठिपका. सेकंदाला दोनदा काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. एका डोळ्यावर पट्टी. आधी मोठ्या चौकड्या, मग बारीक. सुईत दोरा ओवताना लागते ती अगदी मधली नजर बारीक चौकड्यांत कळते म्हणे. माझी नजर घसरली की तपासणी करणारा पोरगा लगेच थांबवायचा, "काका, ठिपक्यावरच बघा, अकडं नोडब्याड्री!" म्हणजे तिकडं बघू नका. त्याचं अर्धं कानडी मला मशीनपेक्षा जास्त आवडलं. एका वेळचा मेंदूचा इशारा इतका बारीक असतो, की शंभरेक इशाऱ्यांची सरासरी काढली तरच लाट दिसते.

त्या लाटेचं नाव पी१००, कारण चौकड्या पालटल्यावर ती साधारण १०० मिलिसेकंदांनी उठते. माझी उजव्या डोळ्याची १०२ वर, डाव्याची १२१ वर. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, समजावायला तिथं कुणी नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं: नसेवरचं वेष्टण झिजलं की निरोप उशिरा पोचतो, आणि नजर परतली तरी हा उशीर राहू शकतो. १९७२ साली लंडनमध्ये हॅलिडे नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं. तक्ता वाचून हे कळलं नसतं.

दीड हजार घेतले. तेलाचा तास सोडला तर तक्रार नाही.

परत येऊन दुकान उघडलं, तर पहिलाच शर्ट बारीक चेक्सचा बेतायचा. तो उद्यावर ढकलला.