डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: आमच्या घरातल्या सहा तोंडांवर घासून पाहिलेला

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन, म्हणजे सुट्टीतल्या जेवणांचे पैसे आधीच भरून ठेवायची सोय, घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: कुठल्या खोलीत कोण कोण आहे? सगळा हिशोब तिथेच ठरतो. प्लॅन डिस्नेच्या हॉटेलात पॅकेज घेऊन उतरणाऱ्यांनाच मिळतो, आणि घेतला तर त्या खोलीतल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला घ्यावा लागतो. तोही एकच, आणि मुक्कामाच्या सगळ्या रात्रींसाठी. बाबांना नको, मुलांना हवा, असं एका खोलीत चालत नाही.

आम्ही न्यू जर्सीहून गेलो. मी, नवरा, दोघी मुली आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. आईंना अंडंही चालत नाही. बाबांचं वरणभाताशिवाय पान हलत नाही, आणि रात्री ते अर्ध्या पोळीवर उठतात. नवरा मात्र मांसाहारी, जेवताना बिअर लागणारा. मोठी अकरा वर्षांची, चिमणीसारखी खाणारी. धाकटी सहा वर्षांची, तिला जेवणाशी कर्तव्य नाही, मिकी टेबलापाशी येतो एवढ्यासाठी ती जेवायला तयार.

२०२० मध्ये बंद झालेला हा प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झाला. आता प्रकार दोनच. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्या, मोठ्या प्लॅनमध्ये काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर वाढतात तसलं एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत हॉटेलात पुन्हा पुन्हा भरता येणारा मग मिळतो. पार्कात तो चालत नाही. २०२४ चे दर असे: क्विक-सर्व्हिस मोठ्यांना ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३, मोठा प्लॅन ९४.२८ आणि २९.६९. सगळे दर रात्रीचे. आणि दहा वर्षं पूर्ण झाली की मूल डिस्नेच्या लेखी मोठं. आमच्या चिमणीलाही ९४ डॉलरच.

आता आई-बाबांचं गणित पाहा. शाकाहारी माणूस काउंटरवर एक पदार्थ आणि पेय घेतो, साधारण १९ डॉलर. टेबलावर मुख्य पदार्थ २५, गोड ११, पेय ५. स्नॅक सात. साडेसहा टक्के विक्रीकर धरूनही आकडा सत्तरीच्या थोडा वर जातो, आणि एवढं सगळं खाल्लं तरच. दोघं मिळून रात्रीला १८८ डॉलर भरायचे आणि बाबांनी सूप पिऊन हात धुवायचे, हे माझ्याच्याने बघवलं नसतं. भरलेल्या पैशाचं वसूल करायचं म्हणून म्हाताऱ्या माणसांना आग्रह करत बसणं ही सुट्टी नव्हे.

नवऱ्याचं नेमकं उलट. २१ वर्षांवरच्यांना जेवणातल्या पेयात बिअर, वाइन किंवा कॉकटेल घेता येतं, आणि प्लॅनचा फायदा खरा तिथे आहे. कॉकटेल सहज १५-१६ डॉलरचं. धाकटीचा फायदा तर त्याहून मोठा. मिकी-मिनी टेबलापाशी येतात अशा बुफेत लहान मुलाचे चाळीसच्या आसपास आणि मोठ्याचे साठ-सत्तर डॉलर होतात, आणि तिचा अख्ख्या दिवसाचा दर ३० पेक्षा कमी होता.

म्हणून नवरा आणि धाकटी एका बुकिंगवर, मोठ्या प्लॅनसह. आई, बाबा, मोठी आणि मी दुसऱ्यावर, प्लॅनशिवाय. सहा जणांना बहुतेक साध्या हॉटेलांत दोन खोल्या लागतातच, मग वाटणी पोटांप्रमाणे का करू नये? आईंना आधी ते विचित्र वाटलं. "नवरा-बायको वेगळ्या खोलीत?" म्हणाल्या. "आई, ते बिलापुरतं," म्हटल्यावर हसल्या. बापलेकीच्या जोडीचे रात्रीला १२३.९७ डॉलर गेले आणि बुफेच्या दिवशी त्यांनी दीडशेच्या वर किमतीचं खाल्लं. ती दोघं कंटेम्पररी रिसॉर्टमधल्या शेफ मिकीजला गेली तेव्हा आम्ही चौघं निवांत होतो. त्या बुफेतल्या गोंगाटात बाबांना बसवणं म्हणजे शिक्षाच.

आमचं सगळ्यात आवडतं जेवण सनाला झालं. अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या किदानी व्हिलेज भागातलं हे रेस्टॉरंट, आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड दिलेलं. मोठ्या खिडक्यांबाहेर गवताळ कुरणावर जिराफ आणि झेब्रे फिरत असतात. उजेड असतानाच जावं, नाहीतर काळोखाकडे बघत जेवाल. इथली ब्रेड सर्व्हिस मागवा: नान, कुलचा असे प्रकार आणि सोबत वाट्यांतून काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, आंब्याची चटणी, मिरचीचं साम्बाल. चौघांत एक घेऊन वर एखादा पदार्थ मागवला तरी पोट भरतं. बाबांनी लसणाच्या लोणच्याची वाटी स्वतःकडे ओढली ती परत दिली नाही. गंमत अशी की प्लॅनमध्ये टेबलावरच्या एका जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय एवढंच बसतं, सुरुवातीचे पदार्थ नाहीत. आणि ब्रेड सर्व्हिस त्या सुरुवातीच्या पदार्थांत मोडते! म्हणजे आपल्याला जे खरं खायचं त्याचे पैसे प्लॅन असूनही वेगळे. आमच्या खोलीला प्लॅन नव्हता, म्हणून आम्हाला मुख्य पदार्थ घ्यायची सक्ती वाटली नाही.

शाकाहाराची काळजी मला वाटली होती त्याहून कमी पडली. मेन्यूवर हिरव्या पानाची खूण असते. त्या पदार्थात मांस, दूध, अंडं, मध काहीच नसतं. आईंसाठी हीच खूण देवासारखी, कारण केक-पुडिंगमध्ये अंडं आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारत बसावं लागलं नाही. अॅनिमल किंगडम पार्कातल्या सातूली कँटीनमध्ये टोफूचा भाताचा वाडगा मिळतो, काउंटरवरच्या जेवणांत मला तो सगळ्यात पुढे वाटला. बाकी काउंटरवर वनस्पतीजन्य बर्गर दिसतील, दुसऱ्या दिवशी त्यांचा कंटाळा येतो. तळणीचं तेल वेगळं आहे का, हे ज्यांना महत्त्वाचं त्यांनी विचारावं. शेफ बाहेर येऊन नीट सांगतात.

घरचं खाणं पार्कात नेता येतं. काचेची बरणी आणि दारू सोडून. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असा डबा आमच्या खांद्यावर रोज होता. साधं थंड पाणी काउंटरवर फुकट मिळतं, त्यामुळे स्नॅकचं क्रेडिट (प्लॅनमध्ये आधीच पैसे भरलेला एक स्नॅक) पाण्याच्या बाटलीवर खर्च करणं वेडेपणा. स्नॅक वापरायचा तर अलोहा आयल स्टॉलवरचं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं आइस्क्रीमसारखं, घ्या, किंवा एपकॉट पार्कात खाद्यमहोत्सव चालू असेल तर तिथल्या छोट्या स्टॉल्सवर. तिथे आठ-नऊ डॉलरचे पदार्थही एका स्नॅकमध्ये बसतात, फक्त प्लॅनची खूण बघायची. एपकॉटच्या जर्मनीच्या भागात करामेल क्यूख म्हणून दुकान आहे, शेवटच्या दिवशी उरलेले स्नॅक नवऱ्याने तिथे कॅरॅमलमध्ये घातले. क्रेडिट चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात आणि उरलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत.

टिप प्लॅनमध्ये नाही. टेबलावर जेवलात की १८-२० टक्के वेगळे धरा. सहा जण एका टेबलावर बसलो तेव्हा १८ टक्के आपोआप लागले. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाला एका माणसाची टेबलाची दोन क्रेडिटं जातात, एवढं धाकटीला समजावायला मला बराच वेळ लागला. आणि टेबलांचं बुकिंग ६० दिवस आधी सुरू होतं. हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी मुक्कामाच्या पुढच्या १० दिवसांपर्यंतची धरता येतात. मोठा प्लॅन घेऊन टेबल धरायला विसरलात तर क्रेडिट हातात आणि पोट काउंटरवर. एवढी आखणी जमणार नसेल तर सरळ क्विक-सर्व्हिस घ्या, किंवा काहीच नको.

२०२६ साठी डिस्नेने ३ ते ९ वयाच्या मुलांना प्लॅन फुकट जाहीर केला आहे, पण मोठ्यांनी प्लॅनसकट, सवलत न लावलेलं पॅकेज घेतलं तरच. लहान मुलं दोन-तीन असतील तर गणित पार बदलतं. फक्त खोलीवरची सवलत सोडून किती जाते आणि मुलांचं किती वाचतं, हे दोन आकडे शेजारी मांडूनच बुक करा. आजी-आजोबांना मात्र तेव्हाही दुसऱ्या खोलीत ठेवा.