एअरबॅगचा रेसिंग सूट: नऊ महिने, दोनदा पडणं आणि ग्लोव्हखाली झाकलेला लाइट

माझा बाइक रेसिंगचा एअरबॅगवाला सूट (पडताना आतला फुगा गॅसने फुगतो, तो) परवा सर्व्हिसहून परत आला. सोबत दोन पानांचा रिपोर्ट होता. त्यातली एक ओळ वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले. नाहीतर हा अनुभव चार शब्दांत संपला असता: घ्या, पैसे वसूल आहेत.

वापर किती, ते आधी सांगते. एकोणीस ट्रॅक डे (शर्यत नसताना ट्रॅकवर बाइक चालवायचे दिवस), चार क्लब शर्यती, सगळं ६०० सीसीच्या बाइकवर. त्याआधी सहा सीझन मी साधा लेदर सूट आणि वेगळा बॅक प्रोटेक्टर (पाठीचं गार्ड) वापरला. एअरबॅगच्या पैशांत टायरचे किती जोड येतील हा हिशोब दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी टायरच घेतले जायचे. मग माझ्याच ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं कॉलरबोन (गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड) दुसऱ्यांदा मोडलं, आधीच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या प्लेटच्या कडेला. तिचा अख्खा सीझन गेला. त्या दिवशी हिशोब बदलला. मोटोजीपी, मोटो२ आणि मोटो३ या जागतिक बाइक शर्यतींच्या नियमित रायडरना २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्या नियमात खांदे आणि कॉलरबोन झाकलेच पाहिजेत असं स्पष्ट म्हटलंय. ते उगाच नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यावरून मी चिडले आहे ती गोष्ट एकट्या या सूटपुरती असेल असं मला वाटत नाही. तुमचा सूट कुठलाही असो, तपासून बघा.

लेदरबद्दल तक्रार शून्य. पहिले तीन ट्रॅक डे खांद्यात इतका घट्ट होता की सरळ उभं राहिलं की मान पुढे ओढली जायची. पण सूट उभं राहण्यासाठी शिवलेलाच नसतो. टँकवर आडवं झालं की तोच सूट अंगाला लागत नाही. एकच सांगते, साइझ घेताना एअरबॅग फुगायला आत जागा उरते का ते बघा. छातीच्या भागात महिलांचा वेगळा कट मिळत असेल तर तोच घ्या. मी आधी पुरुषांचा घालून पाहिला होता. त्यात कंबर सैल पडत होती आणि फुग्याला जागा हवी तिथेच तो आवळत होता.

तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा पडले. संथ उजवं वळण, ब्रेक जरा जास्त वेळ धरला आणि पुढचं चाक निसटलं. उजवी मांडी आणि खांदा घासत ट्रॅकबाहेरच्या ग्रॅव्हलपर्यंत (खडीपर्यंत) गेले. एअरबॅग उघडलीच नाही. अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण राग असा आला की विचारू नका. एवढे पैसे मोजायचे आणि हिने झोपा काढायच्या?

संध्याकाळी सूट टेबलावर पसरून बघितला. मांडीवरची वरची शिवण साधारण चार बोटं उसवली होती, धागे झिजून केसासारखे उभे राहिले होते. खालची आतली शिवण मात्र जशीच्या तशी. चांगल्या रेसिंग सूटची शिवण अशीच असते. डांबराला लागणारा वरचा धागा झिजायला मोकळा सोडलेला असतो, जोड धरून ठेवायचं काम आतला लपवलेला धागा करतो. सूट फाटून उघडला तर चामड्याची जाडी कितीही असो, काही उपयोग नाही. तो आतला धागा बघून राग निम्मा उतरला.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे समजावलं: "मॅडम, लोळल्याशिवाय नुसतं घसरत गेलात तर सिस्टम मुद्दामच उघडत नाही." पटलं. लोसाइडमध्ये, म्हणजे असं बाइकसोबत खाली घसरण्यात, शरीर आधीच जमिनीला टेकलेलं असतं, उंचावरून आपटायचा प्रश्न नसतो. सूटमधले सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा वेगातला बदल आणि शरीराचं फिरणं मोजतात आणि त्यावरून हे घसरणं आहे की फेकलं जाणं आहे ते ठरवतात. प्रत्येक घसरणीत गॅस उडाला तर तो उगाच वाया जाईल. माझं मत बदललं. तेव्हा मी चार जणांना सांगितलंसुद्धा की हा सूट माझ्यापेक्षा हुशार आहे.

सातव्या महिन्यात हायसाइड झाला. डाव्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल लवकर उघडला, मागचं चाक सरकलं, घाबरून बंद केला. जे करायचं नाही म्हणून सगळ्या नवशिक्यांना शिकवतात, नेमकं तेच. टायरला एकदम पकड मिळाली, दाबलेलं सस्पेन्शन उसळलं आणि मी सीटवरून वर फेकले गेले. हवेत असतानाच गळ्याभोवती कोणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरल्यासारखं झालं. फट् असा आवाज नंतर आठवला. फुगायला सेकंदाचे काही शतांश पुरतात आणि हायसाइडमध्ये तेवढा वेळ हवेतच मिळतो. मी डाव्या खांद्यावर पडले, हेल्मेटची बाजू टेकली, दोन कोलांट्या खाल्ल्या. मार्शल पोचला तेव्हा हवा उतरायला लागली होती. मी पहिल्यांदा डावा हात वर केला. गेला वर. कॉलरबोन शाबूत.

हार्ड बॅक प्रोटेक्टर आणि फुगा यांत फरक किती, तो मानकांच्या आकड्यांत दिसतो. पाठीच्या गार्डच्या ईएन १६२१-२ या युरोपियन चाचणीत लेव्हल २ ला (जास्त कडक पातळीला) सरासरी ९ किलोन्यूटन बळ पलीकडे पोचलेलं चालतं. फुगणाऱ्या संरक्षकांच्या ईएन १६२१-४ मध्ये लेव्हल २ ची मर्यादा २.५ आहे. कागदावर मी हे आधीही वाचलं होतं. खांद्यावर पडल्यावर कळलं. (हेल्मेट त्याच दिवशी बाद केलं. बाहेरून एक ओरखडा होता फक्त, पण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. दबला की नाही ते बाहेरून दिसत नाही. कृपया अशी हेल्मेटं विकू नका, आणि घेऊ तर अजिबात नका.)

इथपर्यंत मी पाचपैकी पाच देणार होते. सूट गॅस भरायला आणि तपासायला पाठवला. दोन आठवडे म्हणाले, पाच लागले, त्यात एक शर्यत बुडाली. तेही सोडून दिलं असतं.

मग रिपोर्ट आला. सिस्टम प्रत्येक सेशनची नोंद ठेवते. त्यात माझ्या लोसाइडच्या तारखेसमोर लिहिलंय की त्या सेशनमध्ये सिस्टम सुरूच नव्हती. म्हणजे "मुद्दाम उघडली नाही" वगैरे काही नव्हतं. ती बंद होती. घसरून न जाता उडाले असते तरी ती बंदच राहिली असती. आणि सर्व्हिसवाल्यांनी नोंद न बघताच मला फोनवर ते उत्तर दिलं होतं.

कारण विचारलं तर म्हणाले, झिपवरच्या पट्टीचं चुंबकाचं बटण नीट बसलं नसेल. बटण बसलं की सिस्टम सुरू होते, निघालं की बंद होते. "पण लाइट लाल दाखवतो ना, तुम्ही बघायला हवं होतं." लाइट आहे, हे खरं. डाव्या मनगटापासून चार बोटांवर. आणि रेसिंग ग्लोव्हचा लांब कफ बरोबर तिथेच येतो! कफ बाहीच्या वरून घ्यावा लागतो, नाहीतर तांत्रिक तपासणीत परत पाठवतात. म्हणजे नियमाने ग्लोव्ह घातला की लाइट झाकला जाणारच. ज्याने हा लाइट तिथे बसवला त्याने ग्लोव्ह घालून एकदा तरी हाताकडे बघितलं होतं का?

लोक सांगतात, ग्लोव्ह घालण्याआधी बघ. मी बघतेच. पण मी नंतर घरी सूट घालून बाइक पॅडॉक स्टँडवर (बाइक सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) लावली आणि दहा वेळा टकमध्ये, म्हणजे टँकवर आडवं होऊन, वाकून पाहिलं. दोनदा बटण टँकला घासून निघालं. आधी हिरवा होता, वाकल्यावर लाल झाला. ट्रॅकवर हे मला कोण सांगणार?

आखूड कफचे ग्लोव्ह घे, असंही एकाने सुचवलं. नाही घेणार. पडताना हात आपोआप जमिनीवर टेकतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड हाड जातं. त्याला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे भरायला महिने लागतात. माझ्या ग्लोव्हच्या तळव्यावर कडक स्लायडर आहे, म्हणजे तळवा डांबराला अडकत नाही, सरकतो. मनगटावर दोन पट्टे आहेत. लोसाइडमध्ये तो स्लायडर अर्धा झिजला, मनगटाला काही झालं नाही. एका लाइटसाठी हे सोडायचं नाही.

कंपनीला लिहिलंय: दुसरा लाइट खांद्यावर द्या, किंवा सिस्टम बंद पडली की कॉलरमध्ये कंप द्या. उत्तर आलं, "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." त्याला आता तीन आठवडे झाले.

सूट मी वापरतेच आहे, वापरणारही. साध्या सूटवर परत जाणं आता शक्य नाही. पाचपैकी साडेतीन. लाइट हलवला तर पाच. तोपर्यंत पिट लेनमध्ये निघायच्या आधी मी टकमध्ये वाकते, पार्टनर बटण अंगठ्याने दाबून बघतो, माझा डावा कफ मागे सरकवतो आणि "हिरवा" असं मोठ्याने म्हणतो. मगच मी क्लच सोडते.