गिरसप्पा पाहायचा तर पावसाळ्यातच

शाळेच्या भूगोलात नाव वाचलं तेव्हापासून कर्नाटकातला गिरसप्पा, म्हणजेच जोगचा धबधबा, मनात होता. यंदा ऑगस्टमध्ये अखेर योग आला. शरावती नदी इथे 253 मीटर खाली झेपावते. राजा, राणी, रोअरर, रॉकेट अशा तिच्या चार धारा. राजा कड्याला न टेकता सरळ कोसळतो, तर राणी खडकाला बिलगून फेसाळत उतरते. माझा जीव राणीवरच जडला! मधूनच धुकं येतं आणि समोर काहीच उरत नाही, नुसता आवाज. तेव्हा कंटाळून परत फिरू नका, थांबा. धुकं विरलं की चारही धारा एकदम दिसतात आणि डोळे भरून येतात. वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण असल्यामुळे उन्हाळ्यात धारा अगदी बारीक होतात. रेनकोट मात्र हवाच, तिथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.