पेंटॅक्सचा आरसा आणि कुडाळच्या बाजारातलं हे दुरुस्तीचं दुकान

जुना फिल्म कॅमेरा घेतलात आणि लेन्स काढल्यावर आतला आरसा मळका दिसला, तर रुमालाने पुसायला जाऊ नका. तसाच इथे घेऊन या. दुकान लहान आहे, पाटी सहज दिसत नाही, पण आत बसणाऱ्या काकांच्या हाताला तोड नाही.

माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००. हे मॉडेल १९७६ ते १९९७ पर्यंत निघत होतं, त्यामुळे आज मिळतो तो प्रत्येक नग वापरलेलाच असतो. मी ऑनलाइन मागवला. विकणाऱ्याने ‘कंडिशन एक नंबर’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात आरशावर काळे, चिकट कण पडलेले, एका कडेला धुरकट पट्टा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं मळभ आल्यासारखं. मी जत्रांमध्ये दशावताराचे फोटो काढते. रात्री देवळाच्या आवारात उजेड असतो तेवढ्यावरच भागवायचं. के-१००० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध मायक्रोप्रिझमचा, म्हणजे बारीक पैलूंचा गोल असतो, तो चकाकायचा थांबला की फोकस जमलं. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र आरशावरूनच येतं, तोच अंधुक असला तर हे कळायचं कसं?

काकांनी लेन्स काढली, टॉर्च आत धरला आणि म्हणाले, “बाई, हो डाग फोटोत येवचो नाय.” खरंच आहे. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश थेट फिल्मवर पडतो, त्यामुळे आरशावरची घाण फोटोत उतरत नाही. त्रास होतो तो बघणाऱ्याला, आणि उजेड मोजणाऱ्या आतल्या मीटरलाही, कारण त्याला प्रकाश आरशाकडूनच मिळतो. पुढे त्यांनी एक गोष्ट दाखवली ती मला फार उपयोगाची वाटली. व्ह्यूफाइंडरमध्ये जे ठिपके ठसठशीत, रेखीव दिसतात ते आरशावर नसतात, वरच्या फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे चित्र उमटतं त्या पडद्यावर असतात. आरशावरची घाण वेगळी दिसत नाही, ती नुसता उजेड खाते.

कण कुठून आले तेही दाखवलं. आरसा वर जाऊन आपटू नये म्हणून तिथे फोमची बारीक पट्टी असते. ती वर्षानुवर्षांत कुजते, आणि आपल्या दमट हवेत अशा फोमचा डांबरासारखा चिकटा होतो. म्हणजे नुसता आरसा पुसून उपयोग नाही, ती पट्टी राहिली तर आठवड्यात पुन्हा तेच.

काम त्यांनी माझ्यासमोर केलं. स्क्रीन प्लॅस्टिकची असते, तिच्यावर थेंब उडाला तर डाग कायमचा, म्हणून आधी तिच्याखाली कागद सरकवला. मग बांबूच्या टोकदार काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा गुंडाळून जुना फोम थोडा थोडा करून खरवडून काढला. नवी पट्टी चिमट्यात धरून तिच्या गोंदाला पाण्याचं बोट लावलं, म्हणजे ती लगेच चिकटत नाही, सरकवून नीट बसवता येते. आरशाची पाळी शेवटी. कॅमेरा उपडा धरून ब्लोअरने हवा मारली, मग लेन्सच्या कागदाची सुरळी जेमतेम ओली करून एकाच दिशेने फिरवली. दाब अजिबात नाही. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा ॲल्युमिनियमचा थर पुढच्या बाजूला उघडा असतो, जोर लावला तर घाणीबरोबर तोही निघतो.

कडेला एक बारीक ओरखडा राहिला आहे, कोणीतरी आधी घासल्याचा. मी विचारलं, हा जाईल का? त्यांनी सरळ नाही म्हटलं आणि तिथे हातही लावला नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. पैसे वाढवायला आरसा बदलू, अमुक करू, असं काहीही सुचवलं नाही. फोम, आरसा, स्क्रीन मिळून ६०० रुपये घेतले.

त्यानंतरच्या जत्रेत ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून गेले. दशावतारातल्या काळ्या कपड्यातल्या संकासुरावर फोकस करणं सर्वात अवघड, पण त्याच्या कपड्याची चूणसुद्धा मला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत होती.

उणं सांगायचं तर वेळेचं. दुपारी दुकान बंद असतं आणि फोम मुंबईहून येतो, संपला असेल तर थांबावं लागतं. म्हणून आधी विचारून जा. लेन्सही सोबत न्या, ते तिच्यात बुरशी आहे का तेही बघून देतात. आणि शक्यतो मे महिन्यातच जा, पावसाळ्यात त्यांच्याकडे बुरशी लागलेल्या लेन्सची रांग असते.