बोट प्रेसमध्ये गेलं: ईएसआय, लेबर कोर्ट की मालकाशी तडजोड?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर अपघात झाला की जखमी कामगाराच्या घरी पहिल्याच आठवड्यात तीन सल्ले पोचतात. कोणी म्हणतं ईएसआयची (राज्य कामगार विम्याची) पेन्शन घे. कोणी म्हणतं लेबर कोर्टात केस टाक, एकरकमी मिळेल. आणि मालकाचा माणूस म्हणतो, कोर्टकचेरी कशाला, आपसांत मिटवू. यातले पहिले दोन पर्याय एकाच माणसाला कधीच मिळत नाहीत. ज्याला ईएसआय लागू आहे, त्याला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून भरपाई कायद्याखाली (लेबर कोर्टातली केस याच कायद्याची) पैसे मागता येत नाहीत. म्हणून आधी आपण कुठे बसतो ते बघायचं.

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार (अपंग कामगारासाठी 25,000) म्हणजे ईएसआय. ही मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. मध्येच पगार वाढून 21,000 च्या वर गेला, तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, संरक्षण टिकतं. पगाराच्या पावतीवर 0.75 टक्के कपात दिसली की प्रश्न मिटला. मालकाचा वाटा 3.25 टक्के असतो. कपात दिसत नाही म्हणजे ईएसआय नाही, असं मात्र नाही. मालकाने नोंदणी चुकवली किंवा वर्गणी बुडवली, तरी कामगाराचा हक्क जात नाही. ईएसआय महामंडळ लाभ देतं आणि वसुली मालकाकडून करतं. कामाच्या जागी झालेल्या दुखापतीसाठी किमान इतके दिवस वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. पहिल्या दिवशी हात गेला तरी लाभ लागू.

बाकीचे भरपाई कायद्यात येतात: चार-पाच माणसांच्या वर्कशॉपमधला वेल्डर, 21,000 च्या वरचा ऑपरेटर, निफाड-दिंडोरीच्या बागेत ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर काम करणारा मजूर. ठेकेदाराच्या माणसाला कंपनी ‘तू आमचा नाहीस’ म्हणते, पण आपल्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी येतेच. कंपनीने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

कायद्याच्या नावाबद्दल थोडं. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा भरपाई कायदा आणि 1948 चा ईएसआय कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आले. कलमांचे आकडे बदलले. हिशोबाचा सांगाडा तोच राहिला आणि संहितेशी विसंगत नसलेल्या जुन्या अधिसूचना चालू राहिल्या. त्या तारखेच्या आधीच्या अपघाताला जुनाच कायदा लागतो. कामगाराच्या फायद्याचे दोन बदल झाले. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात ईएसआयमध्ये आधीपासून धरला जायचा, आता भरपाईच्या बाजूलाही धरला जातो, फक्त वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो. दुसरं, पगाराची नवी व्याख्या: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग पगारात मिळवायचा. बेसिक 8,000 आणि बाकी सगळे भत्ते ही युक्ती आता पूर्वीइतकी चालत नाही.

एकाच हाताचे दोन हिशोब

वय 30, पगार 18,000, एका हाताची दोन बोटं मुळापासून गेली. कायद्याच्या परिशिष्टात याला 20 टक्के कमाईक्षमतेचं नुकसान धरलं आहे. (अंगठा 30 टक्के, फक्त तर्जनी 14, मधलं बोट 12, एका हाताची चार बोटं 50.)

भरपाई कायद्यात पगार 15,000 च्या वर कितीही असला तरी हिशोबाला 15,000 च धरतात. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 ची आहे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. याला कायद्याने वयानुसार ठरवलेल्या गुणांकाने गुणायचं; वय 30 चा गुणांक 207.98. गुणाकार 18,71,820 आणि त्याचे 20 टक्के 3,74,364 रुपये, एकदाच. वय वाढेल तसा गुणांक उतरतो: 40 ला 184.17, 50 ला 153.09.

ईएसआयमध्ये 18,000 चा सरासरी रोज 600, त्याचे 90 टक्के 540, त्याचे 20 टक्के 108 रुपये रोज. महिन्याला 3,240, आणि तेही मरेपर्यंत. 3,74,364 ला वर्षाच्या 38,880 ने भागलं तर साडेनऊ-पावणेदहा वर्षं येतात. म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर ईएसआय पुढे निघून जातं, शिवाय पेन्शनचा दर महागाईनुसार वेळोवेळी वाढवतात. एकरकमी आकडा डोळ्यांत भरतो खरा, पण तरुण कामगाराला ईएसआयमध्ये अडकल्याचं वाईट वाटायचं कारण नाही. साठीजवळच्या माणसाचं गणितही फार उलटत नाही, कारण तिथे गुणांकही 117.41 वर आलेला असतो. ज्याला आत्ता कर्ज फेडायचंय किंवा दुकान टाकायचंय, त्याची मात्र अडचण होते. फारच कमी दराची पेन्शन असेल तरच ती एकरकमी करून मिळते.

बरं होईपर्यंतच्या काळात फरक आणखी उघडा पडतो. दीड महिना घरी बसलात तर ईएसआय 540 च्या दराने 24,300 देतं. भरपाई कायद्यात दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 15,000 च्या मर्यादेत 3,750. दीड महिन्याचे 11,250. उपचारांचं उलटं आहे. ईएसआयमध्ये उपचार फुकट, पण सातपूरचं राज्य कामगार विमा रुग्णालय किंवा त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवलेली जागा. भरपाई कायद्यात हॉस्पिटल तुमच्या पसंतीचं, खर्च मालकाचा, आणि मूळ बिलं तुमच्याकडे असली तरच.

मृत्यू झाला तर याच वयाला भरपाई 60 ऐवजी 50 टक्क्यांच्या हिशोबाने 15,59,850. ईएसआयमध्ये रोजच्या 540 पैकी पत्नीला तीन पंचमांश आणि मुलाला दोन पंचमांश, दोघांचे मिळून महिन्याला 16,200. पत्नीचा हिस्सा पुनर्विवाहापर्यंत, मुलाचा वयाच्या 25 पर्यंत.

कुठे बिनसतं

ईएसआयचे दावे बहुतेक वेळा कागदावर अडकतात. मालक जखमी माणसाला गाडीत घालून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो आणि तिथे ‘घरी पडला’ असं लिहून घेतो. तो पहिला कागद पुढे सगळीकडे आडवा येतो. ‘कसं लागलं’ या रकान्यात मशीन, खातं आणि वेळ स्वतःच्या तोंडाने सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. दवाखाना पोलिसांना कळवतो, ती एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद झाली का विचारा. मालकाने अपघात नोंदवहीत लिहून 24 तासांत ईएसआयला अपघात अहवाल द्यायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कामगार 48 तासांत कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवायचं असतं; तिथली चौकशी दोन्ही रस्त्यांवर उपयोगी पडते.

दुसरी चूक कामगाराची. डॉक्टरचं प्रमाणपत्र चालू असताना ‘हलकं काम’ म्हणून तो गेटवर हजेरी लावतो. त्या दिवसांचा लाभ जातो आणि माणूस बराच होता असा पुरावा तयार होतो. जखम स्थिर झाल्यावर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं. ती पटली नाही तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करायचं.

भरपाईच्या बाजूला झगडा टक्केवारीवर होतो. सिव्हिल हॉस्पिटलमधलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीर किती निकामी झालं ते सांगतं; कोर्टाला हवी असते कमाईची क्षमता. हात गेलेल्या कारकुनाचं आणि सुताराचं नुकसान एकच नाही. डिसेंबर 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराचं नुकसान शंभर टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘हे काम आता करू शकत नाही’ हे वाक्य मागून घ्या.

‘गार्ड (मशीनवरचं संरक्षक कवच) त्यानेच काढला होता’ हा मालकाचा ठरलेला बचाव. कामगाराने मुद्दाम काढला असेल तर तो चालतो, मृत्यू आणि कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून. पण उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनेच सेन्सर बंद ठेवला असेल किंवा दोन हातांच्या बटणांपैकी एकावर चिकटपट्टी लावली असेल, तर तो कामगाराचा मुद्दामपणा होत नाही. प्रेसचा फोटो त्याच दिवशी सहकाऱ्याकडून काढून घ्या. दुसऱ्या शिफ्टला गार्ड परत बसलेला असतो.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. वरच्या उदाहरणात दोन वर्षांचं जवळपास 90 हजार होतं. विनाकारण उशिरासाठी निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो. तो मालकाच्याच खिशातून जातो, विमा कंपनी उचलत नाही. वाटाघाटीत हा मुद्दा कामाला येतो.

मग तडजोड?

स्टॅम्पपेपरवर ‘पन्नास हजार मिळाले, माझी काही तक्रार नाही’ ही सही कायद्यापुढे जवळजवळ बिनकामाची आहे. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो आणि नोंद न झालेल्या तडजोडीनंतरही मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. तडजोड करायची तर ती लेबर कोर्टात नोंदवून घ्या. रक्कम अपुरी वाटली तर नोंदणी नाकारली जाऊ शकते. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम कोर्टातच भरायची असते. विधवेच्या हातात दिलेले रोख पैसे, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर, भरपाईत धरत नाहीत. कंपनीच्या गट अपघात विम्याचा चेक म्हणजे भरपाई नव्हे, हेही सांगून टाकावं लागतं, कारण तीच म्हणून तो पुढे केला जातो.

खरी निवड फक्त गाडीवरच्या माणसाला असते. ईएसआय नसलेल्या चालकाला किंवा क्लीनरला मुंबई-आग्रा महामार्गावर दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला, तर भरपाई कायदा किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, दोन्हींपैकी एकच दार. न्यायाधिकरणात 15,000 ची कात्री नाही, म्हणून जास्त पगाराच्या तरुण चालकाला तिथे साधारणपणे जास्त मिळतं; पण समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते आणि 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. स्वतःची गाडी एकटीच उलटली असेल तर भरपाई कायदाच धरा. तिथे चूक कोणाची हे विचारत नाहीत.

पेठ-सुरगाण्याचा मजूर गुजरातेत इमारतीवरून पडला, तरी त्याला तिकडे तारखांना जायची गरज नाही. जिथे तो राहतो तिथेही भरपाईचा दावा चालतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जाताना पगार जमा झाल्याचं बँक पासबुक, हजेरीचा किंवा गेटपासचा फोटो, दवाखान्याचा पहिला कागद आणि शिफ्टमधल्या दोघांची नावं सोबत न्या.