बाथरूमचे काम, नवी नोकरी आणि ठेकेदाराच्या हाती पडलेल्या माझ्या तारखा

बाथरूमची दुरुस्ती, नोकरीतील बदल आणि प्रवास या तिन्ही गोष्टी एकाच काळात आल्या असतील, तर ठेकेदाराला आपले वेळापत्रक कळू देऊ नये, हे आधीच सांगून टाकते. माझी फसवणूक निकृष्ट सामानातून आणि वाढीव मागण्यांतून झाली खरी, पण त्या दोन्हींना बळ मिळाले ते माझ्या तारखांमुळे. जुन्या कार्यालयातील शेवटचा दिवस, त्यानंतर प्रवास आणि परतल्यावर लगेच नव्या ठिकाणी रुजू होणे, असा माझा क्रम ठरलेला होता. नव्या नोकरीत सुरुवातीला रजा मिळणार नव्हती, तिकिटे रद्द केली असती तर पैसे बुडाले असते आणि जुन्या नोकरीचा अखेरचा हिशेब हाती पडायला वेळ लागणार होता. दुसरीकडे खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली होती, त्यामुळे काम पुढे ढकलणेही शक्य नव्हते.

ठेकेदार पाहणीला आला, तेव्हा नळ आणि फरशी बघण्याआधी त्याने माझीच चौकशी केली. रजा कधीपासून, निघणार कधी, मागे घरात कोण, नव्या नोकरीत घरून काम करता येईल का, असे प्रश्न तो इतक्या आपुलकीने विचारत होता की कामाच्या आखणीसाठीच हे हवे असावे, असे कोणालाही वाटले असते. वस्तुतः काम कधी सुरू करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत संपवायचे, एवढे कळले तरी ठेकेदाराचे भागते. त्या तारखेनंतर आपण कुठे असू, हे जाणून घेण्याचे त्याला काही कारण नसते.

पुढचा आग्रह दोन्ही बाथरूम एकदमच फोडण्याचा होता. “ताई, धूळ एकदाच होऊ द्या, मजूर तेच, राडारोडा उचलायला गाडीही एकच लागेल,” असे त्याचे म्हणणे होते आणि ऐकायला ते रास्तही होते. मोठी उचल घेऊन त्याने फोडाफोडी मात्र विलक्षण झपाट्याने केली. कमोड उखडले, फरश्या निघाल्या, नळांच्या जोडण्या बंद झाल्या आणि राहत्या घरात शौचालयच उरले नाही. तोडण्याचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कौशल्याचे असते, पण ते होताच घरमालक त्या ठेकेदाराशी बांधला जातो, कारण दुसऱ्याने अर्धवट टाकलेल्या कामाला सहसा कोणी मिस्त्री हात लावत नाही आणि लावलाच तर दर चढा सांगतो.

मग काम थांबले. भिंतीतील पाइप सगळेच खराब निघाले, ते मूळ रकमेत धरलेले नव्हते, अशी पहिली वाढीव मागणी आली. अंदाजपत्रकात पाइपांचा प्रकार, व्यास आणि लांबी लिहिलेलीच नसल्यामुळे ती खोडून काढायला आधार नव्हता. दुसरी मागणी मी जुन्या कार्यालयात काम सोपवण्याच्या बैठकांत अडकलेली असताना आली आणि तिसरी, उरलेल्या जवळजवळ सगळ्या रकमेची, प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी आली. मजुरांची हजेरी द्यायची आहे, तुम्ही बाहेरगावी गेल्यावर पैसे कसे मिळणार, असे त्याचे कारण होते. (पैसे हल्ली कुठूनही पाठवता येतात, हे त्यालाही ठाऊक होते.) नाही म्हटले असते तर घर उघडे टाकून निघावे लागले असते, आणि नेमके हेच हेरून त्याने ती वेळ साधली होती.

मी निघाले तेव्हा वॉटरप्रूफिंग व्हायचे होते, आणि खरा डाव तिथेच होता. बाथरूमचा हा भाग एकदा फरशीखाली गेला की फोडल्याशिवाय दिसत नाही. चांगल्या कामात जुना कोबा काढून खालचा थर साफ करतात, जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई देतात, रासायनिक लेपाचे किमान दोन हात देतात आणि दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारतात. हा लेप भिंतीवरही निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर चढवावा लागतो. तो वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याच्या भोकाचे, तोंड बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवतात, पाण्याची पातळी खुणेने पाहतात आणि खालच्या घरातील छत तपासतात. ही चाचणी उतरल्याशिवाय फरशी बसवायची नसते.

मला प्रवासात या सगळ्याचे फोटो मिळत गेले. काळ्या लेपाची जमीन, साठवलेले पाणी, भिंतीवर खडूने काढलेली पातळीची रेघ, सगळे अगदी व्यवस्थित होते. मात्र पाण्याच्या फोटोत नहाणी ट्रॅप दारासमोरच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्या वर एक्झॉस्ट पंख्यासाठीचे गोल भोक दिसत होते. माझ्या दोन्ही बाथरूममध्ये काचपट्ट्यांच्या खिडक्या आहेत आणि ट्रॅप दाराच्या डाव्या हाताला आहेत. विचारले तेव्हा “फोटो उलटा आला असेल” असे उत्तर मिळाले, जणू फोटो उलटा आला म्हणजे खिडकीचे भोक होते. शेजारच्या काकूंना फोन केला, तर पाणी भरल्याचे त्याने मला कळवले त्याच्या दुसऱ्याच सकाळी टाइल कापण्याच्या मशीनचा आवाज त्यांनी ऐकलेला होता.

येथे एक बारीक सापळा सांगायला हवा. प्रत्येक फोटोनंतर तो “ओके ना ताई, पुढे करू?” असा संदेश पाठवत असे. गडबडीच्या दिवसांत यावर “हो, करा” असे लिहिले जाणे स्वाभाविक असते आणि नंतर तेच मालकाची मंजुरी म्हणून पुढे केले जाते. फोटो मिळाले, प्रत्यक्ष पाहणी बाकी आहे, पाहणीशिवाय फरशी बसवू नये, एवढे उत्तर पाठवले तरी कागदावरची बाजू पुष्कळ बदलते.

परतले तेव्हा दोन्ही बाथरूम चकचकीत होते आणि मी नव्या नोकरीवर रुजूही झाले. पुढे काकांच्या छताची ओल आधीपेक्षा मोठी होऊन परत आली. मी बोलावलेल्या दुसऱ्या मिस्त्रींनी आधी बादलीभर पाणी ओतले. ते ट्रॅपकडे न जाता दाराशी येऊन थांबले, कारण मीटरला सुमारे 10 ते 12 मिलिमीटर ढाळ असायला हवा, तो तिथे नव्हताच. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक फरशी ठोकून पाहिली, तर बहुतेक पोकळ वाजत होत्या. त्यांतली एक उचलली. तिच्या पाठीवर चिकटवण्याचा मसाला पूर्ण पसरलेला नव्हता, चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे लावलेले होते आणि मधल्या पोकळीत पाणी साचले होते. खाली जुना कोबा तसाच होता. लेप होता तो फक्त भिंतीच्या कडेने वीतभर, म्हणजे दारात उभे राहून फोटो काढला तर दिसेल तेवढा. नळांची खोकी नामांकित कंपनीची होती, पण बिल भलत्याच ग्राहकाच्या नावावर होते, त्यामुळे वॉरंटीचाही प्रश्न मिटला.

दुसऱ्यांदा काम करवून घेताना एका वेळी एकच बाथरूम उघडले. पैशांचे हप्ते तारखांना न बांधता तपासणीला बांधले. भिंती बुजवण्याआधी पाइपांत दाबाने पाणी भरून पाहिल्यावर एक, साठवलेल्या पाण्याची चाचणी काकांनी आपल्या छताखाली उभे राहून पाहिल्यावर दुसरा, फरश्या ठोकून पाहिल्यावर तिसरा, आणि एक भाग काही आठवडे वापर होईपर्यंत हातचा राखला. नव्या नोकरीमुळे मी दिवसभर घरी नसे, म्हणून ठेकेदाराशी संबंध नसलेल्या एका अभियंत्याला फक्त या टप्प्यांच्या वेळी येण्याचे मानधन दिले. फरशीखाली वाया गेलेल्या रकमेच्या मानाने ते किरकोळ होते. ज्यांना प्रवास टाळता येणार नाही, त्यांनी निघण्याआधी झाकला जाणारा भाग पूर्ण करून तपासून घ्यावा, नाहीतर तिथेच काम थांबवून कुलूप लावावे आणि फरशी परतल्यावर बसवावी. थांबल्याने मजुरांचा खाडा भरून द्यावा लागला, तरी पुन्हा फोडण्याचा खर्च त्याहून फार मोठा असतो.

पहिल्या ठेकेदाराचे म्हणणे आजही असेच आहे की ताईंनी फोटो पाहून मंजुरी दिली आणि खुशीने पैसे दिले. तक्रार दाखल झाल्यावर त्याने थोडी रक्कम परत करण्याची तयारी दाखवली, मात्र काम समाधानकारक झाल्याचे मी लिहून द्यावे, अशी त्याची अट आहे. ते मी लिहून दिलेले नाही. उचललेल्या फरशीच्या पाठीचे आणि परक्या घरातील त्या ट्रॅपचे फोटो तक्रारीला जोडले आहेत आणि सुनावणी व्हायची आहे.